मध्येच बसणारी उकळी: बिअरसाठी नवा प्रोपेन बर्नर घेण्याआधी काय तपासावे

घरी बिअर करणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. बर्नर पेटवला तेव्हा ज्योत जोरदार होती, वर्टला, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड अर्काला, उकळीही वेळेवर फुटली, पण अर्ध्या तासाने तीच उकळी बसली आणि रेग्युलेटरची चावी पूर्ण फिरवूनही पुन्हा उठली नाही. काहींच्या बाबतीत ज्योत पहिल्या क्षणापासूनच मलूल असते आणि तीस लिटर वर्टला आधण येईपर्यंत दीड तास निघून जातो. आणखी काहींची ज्योत दिसायला मोठी, पण पिवळी असते, आणि पातेले दर वेळी काळेकुट्ट बूड घेऊन खाली उतरते. या तिन्ही तक्रारींवर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे खोक्यावर अधिक मोठा बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) आकडा छापलेला बर्नर विकत आणणे. माझे स्पष्ट मत असे आहे की यांपैकी बहुतेक तक्रारींत दोष बर्नरचा नसतोच. तो सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, नोझल (बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तोंड), हवा, पातेले आणि वारा यांपैकी कोठेतरी असतो. आणि जर तो सिलिंडरशी निगडित असेल, तर मोठा बर्नर आणल्याने तो कमी होण्याऐवजी वाढतो.

उकळीचा जोर हा केवळ सोयीचा प्रश्न असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. वर्ट उकळत असताना अनेक गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालायची कडवट फुले, यांमधील अल्फा आम्लांचे रूप बदलून त्यांचा कडवटपणा द्रवात उतरतो, प्रथिने एकत्र गोळा होऊन वेगळी पडतात, आणि फिकट माल्टमधील एसएमएम या संयुगापासून तयार होणारे डायमिथिल सल्फाइड वाफेबरोबर निघून जाते. या शेवटच्या क्रियेला उष्णता आणि वाफेला मोकळी वाट, दोन्ही हवे असतात. १०० अंश सेल्सिअसला एसएमएम निम्मे होण्यास सुमारे ४० मिनिटे लागतात आणि तापमान थोडे जरी घसरले तरी हा काळ लांबत जातो. त्यामुळे उकळी मध्येच बसली आणि ती परत आणण्यासाठी पातेल्यावर झाकण ठेवले, की हे सल्फाइड आतच राहून तयार बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास येण्याची शक्यता वाढते. शिवाय पाणी पुरेसे न आटल्याने वर्ट ठरवल्यापेक्षा जास्त उरतो आणि पातळ राहतो. मात्र उकळी पातेल्याबाहेर उसळावी इतकी जोरदार असण्याची मुळीच गरज नाही. पृष्ठभाग सतत हलता राहील आणि तीस लिटरमागे तासाला सुमारे तीन लिटर पाणी वाफ होऊन जाईल, एवढी ती अखंड असली म्हणजे पुरे.

आधी मोजणी

काहीही सुटे करण्यापूर्वी एक साधी मोजणी करावी, कारण दोष नोझलच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे तिच्यावरून कळते आणि निम्मा शोध तेथेच संपतो. पातेल्यात २५ लिटर साधे पाणी घेऊन त्याचे तापमान लिहून ठेवावे. सिलिंडरचे वजन करावे. त्यासाठी दहा-वीस ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा हवा, माणसांचे वजन करण्याचा काटा येथे उपयोगाचा नाही. मग बर्नर नेहमीच्याच जोरावर पेटवून पाणी ८० अंशांपर्यंत तापवावे, लागलेला वेळ टिपावा, बर्नर बंद करावा आणि सिलिंडर पुन्हा तोलावा. सिलिंडरच्या अंगावर दव जमले असेल तर ते पुसूनच तोलावे, नाहीतर तेवढे पाणी गॅसच्या हिशेबात मिसळते.

उदाहरण घेऊ. पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर गेले, त्याला ३० मिनिटे लागली आणि सिलिंडर ३८० ग्रॅमने हलका झाला. २५ लिटर पाणी ६० अंशांनी तापवण्यास साधारण ६,३०० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो प्रोपेन जळून सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता देतो, म्हणजे ३८० ग्रॅममधून जवळपास १७,५०० किलोज्यूल बाहेर पडले. बर्नरने सरासरी ९.७ किलोवॅट दराने गॅस जाळला आणि त्यातील ३६ टक्के उष्णता पाण्यापर्यंत पोहोचली. उघड्यावर ठेवलेल्या साध्या बर्नरसाठी ३० ते ४० टक्के ही रास्त कार्यक्षमता आहे; उरलेली उष्णता पातेल्याच्या कडेने वर निघून जाते आणि त्यात नवल काही नाही.

आता या दोन आकड्यांचा अर्थ लावावा. गॅस मुळातच कमी जळत असेल, म्हणजे दहा-बारा किलोवॅटचा म्हणून घेतलेला बर्नर प्रत्यक्षात चार-पाच किलोवॅटच जाळत असेल, तर दोष नोझलच्या अलीकडे आहे आणि सिलिंडर, रेग्युलेटर, नळी व नोझल तपासले पाहिजेत. गॅस भरपूर जळत असूनही पाणी सावकाश तापत असेल, म्हणजे कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर दोष नोझलच्या पलीकडे, म्हणजे हवा, अंतर, पातेले किंवा वारा यांत आहे. दोन्ही आकडे ठीक असतील आणि तरीही वर्टला उकळी येत नसेल, तर बर्नर खरोखरच त्या पातेल्याला लहान पडतो आहे. नवा बर्नर घेण्याचे हे एकमेव सबळ कारण मला दिसते.

नोझलच्या अलीकडचे दोष

सुरुवातीला ज्योत चांगली आणि अर्ध्या-पाऊण तासाने मंद, हे लक्षण दिसले की पहिला संशय सिलिंडरवर घ्यावा. सिलिंडरमधील प्रोपेन द्रवरूप असतो आणि बर्नरकडे जाण्यासाठी त्याची आतल्या आत वाफ व्हावी लागते. त्यासाठी लागणारी उष्णता, किलोमागे सुमारे ३५० किलोज्यूल, उरलेल्या द्रवातून आणि सिलिंडरच्या धातूतून घेतली जाते. अंगावरचा घाम सुकताना गार वाटते, त्यामागचे कारणही हेच. बाहेरची हवा ही तूट भरून काढण्याचा प्रयत्न करते, पण केवळ सिलिंडरच्या जेवढ्या भागाला आतून द्रव लागलेला आहे, मुख्यतः तेवढ्याच भागातून ती द्रवाला ऊब देऊ शकते. पंधरा किलोवॅटचा बर्नर तासाला जवळपास १.२ किलो प्रोपेन जाळतो. नऊ किलो गॅस भरलेल्या सिलिंडरला बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही, असे घटकाभर धरले, तर तासाभरात तो सुमारे १५ अंशांनी थंड होईल. त्यातच तीन किलो गॅस उरलेला असेल तर हीच घसरण ३० अंशांहून अधिक होईल. प्रत्यक्षात हवेमुळे ती कमी असते, पण सिलिंडर जितका रिकामा तितका तो लवकर गारठतो, हे सूत्र बदलत नाही.

सिलिंडर थंड होत गेला की आतील दाब झपाट्याने उतरतो. २० अंशांना प्रोपेनचा दाब वातावरणापेक्षा सुमारे ७.३ बार अधिक असतो, शून्य अंशाला तो ३.७ बारपर्यंत येतो आणि उणे २० अंशांना केवळ १.४ बार उरतो. ज्या बर्नरला रेग्युलेटरमधून दीड-दोन बार दाब हवा आहे, त्याला असा सिलिंडर तो देऊच शकत नाही. अशा वेळी आपण चावी कितीही फिरवली तरी ज्योत उठत नाही, उलट जास्त गॅस मागितल्यामुळे सिलिंडर आणखी गारठतो. हाताने तपासले तरी हे कळते: उकळी बसू लागली की सिलिंडरवरून तळहात वरून खाली फिरवावा. वरचा भाग हवेइतकाच असतो आणि एका ठरावीक उंचीवर अचानक थंडगार ओलसर पट्टा सुरू होतो. तीच आतील द्रवाची पातळी. त्या रेषेखाली दव पांढरे पडून गोठू लागले असेल, तर निदान पक्के समजावे.

याच्या जोडीला आणखी एक कारण असते आणि ते सहसा लक्षात घेतले जात नाही. अनेक ठिकाणी मिळणारा सिलिंडर शुद्ध प्रोपेनचा नसून प्रोपेन आणि ब्युटेन यांच्या मिश्रणाचा असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. त्यामुळे मिश्रणातून प्रोपेन आधी निघून जातो आणि सिलिंडर संपत येईल तसा आत ब्युटेनचा वाटा वाढतो. थंड हवेत अशा सिलिंडरचा शेवटचा तिसरा हिस्सा बर्नरला नीट पुरत नाही, जरी वजन केल्यास आत बराच गॅस शिल्लक दिसतो.

उपाय खर्चिक नाहीत. बिअर करण्याच्या दिवशी भरलेला किंवा निदान निम्म्याहून अधिक भरलेला सिलिंडर लावावा आणि अर्धवट उरलेले सिलिंडर इतर लहानसहान कामांसाठी ठेवावेत. शक्य असेल तर मोठ्या आकाराचा सिलिंडर घ्यावा, कारण मोठा पृष्ठभाग आणि मोठा साठा दोन्ही गारठण्याविरुद्ध उपयोगी पडतात. मोठ्या पातेल्यांसाठी योग्य जोडणीने दोन सिलिंडर एकत्र जोडणे हा पक्का उपाय आहे. ते काम गॅसजोडणीची माहिती असलेल्याकडूनच करून घ्यावे. तेवढे शक्य नसल्यास उथळ घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात सिलिंडर उभा ठेवला तरी दाब सावरतो. मात्र पाणी हाताला सुखद वाटेल इतपतच कोमट असावे. सिलिंडरला ज्योत दाखवणे, त्यावर उकळते पाणी ओतणे किंवा तो बर्नरच्या जवळ सरकवणे हे कधीही, कोणत्याही कारणासाठी करू नये. सिलिंडर आडवा किंवा तिरपाही करू नये, कारण मग वाफेऐवजी द्रव प्रोपेन रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि नोझलमधून अनावर भडका उडू शकतो.

ज्योत पहिल्यापासूनच लहान असेल तर कारण वेगळे असते. अनेक रेग्युलेटर किंवा सिलिंडर-जोडण्यांमध्ये गॅसचा लोंढा अचानक वाढला की वाट अडवणारी सुरक्षा झडप बसवलेली असते. नळी तुटल्यास गॅस भसाभसा बाहेर पडू नये, हा तिचा हेतू. पण बर्नरचा व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह एकदम उघडला, की रिकाम्या नळीत शिरणाऱ्या गॅसलाच ती गळती समजते आणि त्यानंतर फक्त नावापुरता गॅस सोडते. बर्नर पेटतो, म्हणून संशय येत नाही. फक्त ज्योत बोटभर राहते. अशा वेळी सिलिंडर, रेग्युलेटर आणि बर्नर तिन्ही बंद करावेत, जोडणी सोडवून मिनिटभर थांबावे, पुन्हा जोडून आधी केवळ सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा, काही सेकंद नळीत दाब भरू द्यावा आणि मगच बर्नरकडील व्हॉल्व्ह उघडून पेटवावे. इतके करूनही झडप पुन्हा पुन्हा अडत असेल, तर तिला दोष देण्याआधी सर्व सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे, कारण ती खरी गळतीही दाखवत असू शकते.

रेग्युलेटर आणि बर्नर यांची जोडी जुळलेली नसणे हा तितकाच नेहमीचा दोष आहे. घरातील शेगडीसाठीचा कमी दाबाचा रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो. उच्च दाबाच्या बर्नरला ७०० मिलिबारपासून दोन बारपर्यंत दाब अपेक्षित असतो. नोझलमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ७०० मिलिबारऐवजी ३० मिलिबार मिळाल्यास ज्योत जवळपास एक-पंचमांशावर येते. या उलटची चूक मात्र धोक्याची आहे: कमी दाबासाठी मोठे नोझल असलेल्या बर्नरला उच्च दाबाचा रेग्युलेटर लावल्यास गॅस कित्येक पटींनी वाढतो आणि ज्योत पातेल्याच्या वर जाते. म्हणून रेग्युलेटर बदलताना बर्नर बनवणाऱ्याने सांगितलेला दाबच पाहावा, अंदाजावर जाऊ नये. वर्गमुळाच्याच या नियमामुळे दाब दुप्पट केला तरी गॅस केवळ १.४ पट होतो. चावी शेवटच्या टप्प्यात फिरवून फारसे काही हाती लागत नाही, याचे कारण हे आहे.

नोझलचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते आणि ते थोडेसे बुजले तरी परिणाम दिसतो. जुन्या रबरी नळीतून तेलकट चिकट द्रव पाझरत येऊन तेथे साचतो, गंजाचा कण अडकतो. नोझल काढून उजेडाकडे धरून पाहावे, योग्य द्रावकात भिजवून साफ करावे आणि फुंकून वाळवावे. टाचणी, तार किंवा ड्रिलचे पान त्यात घालू नये. छिद्र १ मिलिमीटरचे १.२ मिलिमीटर झाले तरी गॅस ४४ टक्क्यांनी वाढतो आणि बर्नरची हवेची व्यवस्था त्यासाठी बनवलेली नसते. नळी दुमडली असेल, तडकली असेल किंवा आतून चिकट झाली असेल, तर ती साफ करत न बसता बदलून टाकावी.

तळणासाठी बनवलेले काही बर्नर बिअरसाठी वापरले जातात आणि त्यांपैकी काहींवर ठरावीक मिनिटांनी गॅस तोडणारा टायमर असतो, म्हणजे कोणी लक्ष देत नसेल तर तेल तापत राहू नये. अशा बर्नरची ज्योत दर पंधरा-वीस मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाड नव्हे. टायमर काढून टाकू नये. वेळेवर दाबत राहावा, किंवा पुढे टायमर नसलेला बर्नर निवडावा.

नोझलच्या पलीकडचे दोष

पिवळी ज्योत आणि काळे पातेले यांचे मूळ हवेत असते. प्रोपेनच्या एका घनफळाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे २४ घनफळे हवा लागते. तिच्यापैकी काही हवा नोझलमधून सुटणारा गॅस स्वतःबरोबर मिश्रण नळीत (नोझलपुढच्या, गॅस आणि हवा मिसळणाऱ्या नळीत) खेचून नेतो, बाकीची ज्योतीच्या आजूबाजूने येते. यांपैकी कोठेही अडथळा आला की कार्बन पूर्ण जळत नाही. त्याचे न जळलेले कण तापून पिवळे चमकतात आणि पातेल्याला लागले की काजळी होते. काजळी घासून काढता येते, पण तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होत असतो आणि त्याला वास नसतो. म्हणून काळे बूड हा केवळ भांडी घासण्याचा त्रास समजू नये.

पहिली तपासणी हवेच्या झडपेची. मिश्रण नळीच्या तोंडाशी फिरणारी ती चकती थोडी थोडी उघडत जावी. ज्योतीची पिवळी टोके जाऊन आत फिकट निळे, रेखीव शंकू दिसू लागले की तेथेच स्क्रू आवळावा. चकती जास्त उघडली किंवा दाब जास्त झाला तर ज्योत छिद्रांपासून सुटून वर तरंगते, फडफडते आणि विझू पाहते. याउलट दाब फार कमी केला की ती नळीत मागे शिरून नोझलजवळ जळू लागते आणि घरघर ऐकू येते. असे झाल्यास ताबडतोब गॅस बंद करून बर्नर थंड होऊ द्यावा. ज्योतीत अधूनमधून उडणाऱ्या नारिंगी ठिणग्या मात्र वेगळ्या. त्या धूळ, गंज किंवा उतू गेलेल्या वर्टच्या कणांमुळे येतात आणि झडपेशी त्यांचा संबंध नसतो.

चकती पूर्ण उघडूनही ज्योत पिवळीच असेल, तर मिश्रण नळीत कोळ्याचे जाळे असण्याची शक्यता मोठी आहे. महिनोन् महिने न वापरलेल्या बर्नरच्या नळीत कोळी आणि लहान किडे हमखास शिरतात. जाळे इतके पातळ असते की तोंडातून डोकावून दिसत नाही. लांब दांड्याचा मऊ ब्रश आरपार फिरवला की करड्या कापसासारखे ते बाहेर येते. ओतीव लोखंडाच्या बर्नरची वरची छिद्रेही त्याच वेळी पाहावीत. उतू गेलेला वर्ट साखरेने भरलेला असल्याने तेथे जळून घट्ट बसतो, आणि पावसात राहिलेल्या बर्नरच्या छिद्रांत गंजाचे पापुद्रे सुटतात. ताठ तारेच्या ब्रशने छिद्रे मोकळी करून बर्नर उपडा ठोकला की आतला कचरा खाली पडतो.

यानंतर अंतर पाहावे. ज्योतीचे निळे शंकू पातेल्याच्या थंड बुडाला थेट टेकत असतील तर जळणे अर्धवट राहून काजळी धरते. बूड फार उंचावर असेल तर उष्णता वाटेतच विरते. शंकूंची टोके बुडाच्या किंचित खाली संपावीत आणि त्यांवरची फिकट ज्योत बुडावर पसरावी, ही सर्वांत चांगली स्थिती. तेवढीच महत्त्वाची आहे धुराची वाट. अनेक स्टँडना वाऱ्यासाठी चोहोबाजूंनी पत्र्याचा आडोसा असतो. त्यावर आडोशापेक्षा रुंद पातेले ठेवले की वरचे तोंड जवळजवळ बंद होते, जळलेला वायू बाहेर पडू शकत नाही, ताजी हवा आत येत नाही आणि जो बर्नर लहान पातेल्याखाली निळा जळत होता तोच मोठ्या पातेल्याखाली पिवळा होतो. पातेले आणि आडोसा यांच्यामध्ये धातूचे तुकडे टेकू म्हणून ठेवून बोटभर फट राखली, तरी ज्योत पुन्हा निळी होते. पुढे मात्र तो टेकू पक्का जोडून घ्यावा, कारण भरलेले पातेले सैल आधारावर ठेवणे धोक्याचे आहे.

वाऱ्याचा परिणाम लोक फार कमी लेखतात. वाऱ्याची मध्यम झुळूकही ज्योत पातेल्याच्या एका बाजूला ढकलते, आणि तेवढ्याने हिशेबातली कार्यक्षमता बरीच घसरू शकते. आडोसा बर्नरभोवती असावा, सिलिंडर मात्र नेहमी आडोशाच्या बाहेर आणि नळी पुरेल तितका दूर. वाऱ्यासाठी म्हणून बर्नर गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात नेणे हा उपाय नव्हे. दार उघडे ठेवले तरी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्याने गळती झाली तर तो खड्ड्यात, तळघराच्या पायऱ्यांवर किंवा गटाराच्या तोंडाशी जमतो, म्हणून मांडणीची जागा त्यांपासून लांब आणि सपाट असावी.

बर्नर खरोखरच लहान पडत असेल तर

खरेदीचा आकडा पातेल्यावरून काढावा, जाहिरातीवरून नव्हे. ३० लिटर वर्ट मॅशनंतरच्या (माल्ट गरम पाण्यात भिजवून अर्क काढल्यानंतरच्या) ६५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे ४,४०० किलोज्यूल लागतात. ते २५ मिनिटांत व्हावे असे वाटत असेल तर पातेल्यात जवळपास तीन किलोवॅट पोहोचले पाहिजेत, आणि ३५ टक्के कार्यक्षमतेने त्यासाठी साडेआठ किलोवॅट गॅस जाळावा लागतो. थंडी-वाऱ्यासाठी थोडी वाढ धरली की १० ते १२ किलोवॅट, म्हणजे तासाला ३४,००० ते ४१,००० बीटीयू, पुरेसे होतात. ६० लिटरसाठी दुप्पट धरावे. आता खोक्यावर दोन लाख बीटीयू असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ ५८ किलोवॅटहून अधिक, म्हणजे तासाला साडेचार किलो प्रोपेन, असा होतो. तेवढी वाफ लहान सिलिंडर थोडाच वेळ देऊ शकतो, मग गारठून बसतो. मोठा बर्नर आणूनही तक्रार कायम राहते ती यामुळे.

प्रकारांमध्ये माझी निवड ठाम आहे. रुंद ओतीव लोखंडी बर्नर, ज्याला त्याच्या आकारावरून बँजो बर्नर म्हणतात, ज्योत बुडभर पसरवतो, तुलनेने शांत असतो आणि मंद आचेवरही स्थिर जळतो. एकाच धारेने ज्योत फेकणारा जेट बर्नर पाणी लवकर तापवतो, पण त्याची सगळी आच बुडाच्या मध्यभागी पडते. तेथे साखर करपून वर्टला जळका वास लागण्याचा धोका असतो आणि त्याच्या गर्जनेत वर्ट उतू जाण्याआधीची खदखद ऐकूही येत नाही. अनेक तोंडांचा बर्नर शक्तिशाली असतो, परंतु तो मोठ्या पातेल्यांनाच शोभतो आणि काजळीच्या बाबतीत नाजूक असतो. आच किती वाढते याइतकेच ती किती कमी करता येते हेही पाहावे. उकळी टिकवण्यासाठी तापवण्यापेक्षा कमी गॅस लागतो, आणि हॉप्स टाकताना फेस चढू लागला तर ज्योत क्षणात खाली आणता आली पाहिजे.

स्टँडकडे बर्नरइतकेच लक्ष द्यावे. तीस लिटर वर्ट आणि पातेले मिळून वजन चाळीस किलोच्या घरात जाते, साठ लिटरचे सत्तरच्या पुढे, आणि ते सगळे उकळते असते. पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, वरचे कडे पातेल्याच्या बुडापेक्षा रुंद, जोड वेल्डिंगचे किंवा जाड बोल्टचे, आणि उंची शक्य तितकी कमी असावी. रिकाम्या स्टँडला एका कोपऱ्यावर हाताने जोर देऊन पाहावे. तो डुगडुगला तर बर्नर कितीही चांगला असला तरी घेऊ नये. नवा बर्नर पहिल्यांदा पातेल्याशिवाय पेटवून त्यावरचा रंग जळू द्यावा.

बदल करताना एका वेळी एकच करावा आणि प्रत्येक बदलानंतर २५ लिटर पाण्याची तीच मोजणी त्याच तापमानापर्यंत पुन्हा करावी, नाहीतर नोझल साफ केल्याने फरक पडला की आडोशाने, हे कधीच कळत नाही. आणि आपण समुद्रसपाटीपासून बरेच उंचावर राहत असाल तर एक गोष्ट दोषांच्या यादीतून आधीच वगळावी: दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो, त्यामुळे १,५०० मीटरवर वर्ट ९५ अंशांच्या आसपासच उकळतो आणि कोणताही बर्नर त्याला त्यापुढे नेऊ शकत नाही. तेथे हॉप्स थोडे वाढवावेत आणि फिकट माल्टचा वर्ट ६० ऐवजी ९० मिनिटे, झाकण न ठेवता उकळावा.